चेंडूला नाही, वाळूला मारा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडं आवरतं घेतलं आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘गोल्फमधील बंकर शॉट : तंत्र आणि सराव’ असा विषय छापलाय. तो वाचून तीन जणांनी मला जिन्यात गाठलं. एकानं विचारलं, “सुभेदार, साताऱ्यात गोल्फ कोण खेळतंय?” दुसरे म्हणाले, “फौजेतला बंकर का?” तिसऱ्यांनी काही विचारलं नाही, नुसतं कपाळाला हात लावला. तिघंही आज आलेत, त्याबद्दल आभार.

प्रश्न मात्र बरोबर आहेत. आपल्या सातारा-सांगलीचे खेळ म्हणजे कुस्ती, कबड्डी, खो-खो. सांगलीनं क्रिकेटला विजय हजारे दिले, बॅडमिंटनला नंदू नाटेकर दिले. दोघांचाही जन्म सांगलीचा. गोल्फ आपण पाहिला तर टीव्हीवर, तोही चॅनेल बदलता बदलता. मला तो भेटला फौजेमुळे. मोठ्या छावण्यांत गोल्फचं मैदान असतं आणि एका छावणीत त्या मैदानाची देखभाल माझ्या तुकडीकडे आली. गवत कापायचं, पाणी द्यायचं, वाळूच्या खड्ड्यांवर दाताळं फिरवायचं. सकाळी साहेब लोक खेळायला यायचे आणि वाळूत अडकले की तिथंच दहा-दहा मिनिटं काठ्या मारत बसायचे. मी दाताळं घेऊन बाजूला उभा. त्यातल्या एका मेजर साहेबांना वाळूतून चेंडू सुरेख काढता यायचा. त्यांनी मला शिकवलं. पुढची अकरा वर्षं मी तेच करत होतो, म्हणून बोलायला उभा राहिलोय.

आधी बंकर म्हणजे काय ते सांगतो. फौजी माणसाला बंकर म्हटलं की जीव वाचवायची जागा आठवते. गोल्फमध्ये बरोबर उलटं आहे, ती अडकायची जागा. अठरा भोकांचं मैदान, प्रत्येक भोकात चेंडू घालायचा, आणि ज्याला सगळ्यात कमी फटके लागले तो जिंकला. वाटेत मुद्दाम वाळूचे खड्डे ठेवलेले असतात. हा खेळ वाढला स्कॉटलंडच्या समुद्रकाठी. तिथं वाळूच्या टेकड्यांत वाऱ्यानं खड्डे पडायचे आणि मेंढरं आडोशाला बसून ते आणखी खोल करायची, असं सांगतात. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर असे ११२ बंकर आहेत. त्यातला सतराव्या भोकाजवळचा एक फार कुप्रसिद्ध आहे. १९७८ च्या ब्रिटिश ओपनमध्ये टॉमी नाकाजिमा हा जपानी खेळाडू चांगल्या जागेवर असताना तिथं अडकला आणि चारमध्ये संपवायच्या भोकाला त्याचे नऊ फटके गेले. एवढा मोठा खेळाडू, त्याची ही गत. तेव्हा आपला चेंडू बाहेर आला नाही तर वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

आता मुद्द्याचं. वाळूतून चेंडू का निघत नाही?

कारण सोपं आहे. आपण चेंडूला मारतो. गवतावर तेच बरोबर असतं. काठी चेंडूला लागते आणि चेंडू उडतो. वाळूत मात्र चेंडूला नेमकं मारायला गेलं की दोनपैकी एक होतं. काठी जरा वर लागली तर चेंडू गोळीसारखा समोरच्या काठावर आपटून परत पायाशी. जरा खाली लागली तर काठीचं टोक वाळूत रुततं आणि चेंडू वीतभर सरकून बसतो. म्हणून वाळूत मार वाळूला द्यायचा. काठी चेंडूच्या मागे साधारण दोन इंच वाळूत शिरते, चेंडूच्या खालून जाते आणि पुढे बाहेर पडते. उडालेली वाळूच चेंडूला उचलून बाहेर नेते. काठीचा आणि चेंडूचा संबंधच येत नाही.

जमीन बदलली की डाव बदलावा लागतो, हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. आपले खाशाबा जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे. तांबड्या मातीत तयार झालेला पैलवान. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा कुस्ती गादीवर. तिथं त्यांचा सहावा नंबर आला. पुढची चार वर्षं त्यांनी मेहनत केली आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. माणूस तोच, ताकद तीच. पण मातीवर पाय रुततो, गादीवर रुतत नाही. गवत आणि वाळू यांत तेवढाच फरक आहे.

आता हत्याराकडे वळू. (इथे मी काठी वर धरून दाखवली होती.) हिला सँड वेज म्हणतात. तोंड चांगलंच तिरकं, साधारण ५६ अंशांचं. पण खरी गंमत तोंडात नाही, तळाला आहे. हा तळ बघा, मागच्या बाजूला पोट सुटल्यासारखा फुगीर आहे. शेतकऱ्यांच्या पोरांना एका वाक्यात कळेल : पुढची धार म्हणजे नांगर आणि मागचं पोट म्हणजे कुळव. नांगराचा फाळ खोल घुसतो. कुळवाची फास वरच्या थराखालून सरकत जाते, तण कापते आणि पुढे निघते. आपल्याला वाळूत नांगरट करायची नाही, कुळवणी करायची आहे.

हे पोट प्रसिद्ध केलं जीन सॅराझन या अमेरिकन खेळाडूनं. बाप इटलीहून आलेला सुतार, पोरगा लहानपणी दुसऱ्यांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहायचा. विमान वर उठताना त्याच्या शेपटीचं फळकूट खाली झुकतं, ते बघून त्याला कल्पना सुचली, असं तो पुढे सांगायचा. त्यानं काठीच्या तळाला कथील लावून लावून मागची बाजू जाड केली आणि वाळूत ती रुतायची थांबली. १९३२ साली त्याच काठीनं त्यानं ब्रिटिश ओपन जिंकली. त्याच वर्षी अमेरिकन ओपनही. पिशवी वाहणाऱ्यांचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे अली शेर. दिल्लीच्या मैदानावर कॅडी होता. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. आणि छावणीच्या मैदानावरचं उदाहरण हवं तर अनिर्बन लाहिरी. जन्म पुण्याचा, वडील फौजेत डॉक्टर, त्यांच्याकडूनच खेळ शिकला. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकला पुरुषांमध्ये आपल्याकडून दोघं खेळले, एक लाहिरी आणि दुसरे आपले उदयन माने. तेव्हा हा साहेबांचाच खेळ आहे असं समजू नका.

आता कृती सांगतो. उजव्या हातानं खेळणाऱ्यांसाठी सांगतोय. डावखुऱ्यांनी उलट धरावं.

पहिलं पाय. वाळूत उभं राहून टाचा डावीकडे-उजवीकडे हलवायच्या आणि पाय थोडे रुतवायचे. यानं दोन कामं होतात. पाय घसरत नाहीत आणि आपण अर्धा इंच खाली गेल्यामुळं काठीही आपोआप चेंडूच्या खाली जाते. शिवाय वाळू किती खोल आहे, भुसभुशीत आहे की टणक, हे तळपायाला कळतं.

दुसरं काठीचं तोंड. आधी तोंड उजवीकडे उघडायचं, आकाशाकडे करायचं, आणि मग मूठ धरायची. हा क्रम महत्त्वाचा आहे. मूठ धरून नंतर मनगट पिरगाळलं तर फटक्याच्या वेळी ते परत सरळ होतं आणि पुन्हा नांगर सुरू.

तिसरं उभं राहणं. तोंड उघडलं की चेंडू उजवीकडे जाऊ बघतो, म्हणून आपण थोडं डावीकडे तोंड करून उभं राहायचं. चेंडू डाव्या टाचेच्या समोर. वजन डाव्या पायावर थोडं जास्त, दहातलं सहा भाग म्हणा, आणि फटका संपेपर्यंत ते तिथंच ठेवायचं. गुडघे थोडे वाकलेले, पाय शांत.

चौथं नजर. चेंडूकडे बघायचंच नाही. चेंडूच्या मागे दोन इंचांवर वाळूचा एक कण निवडायचा आणि त्याच्याकडे बघायचं. सगळ्यात अवघड हेच आहे. हात जातो तिथं, जिथं डोळा असतो.

पाचवं फटका. अंतर पंधरा-वीस पावलांचंच असतं, म्हणून माणूस हळू मारतो. हळू मारलं की वाळू काठीला गिळते. वाळूत गवतापेक्षा दुपटी-तिपटीनं मोठा झोका लागतो, कारण अर्ध्याहून जास्त जोर वाळू खाते. मोठा झोका घ्या, पण आपटू नका.

सहावं पूर्ण करणं. काठी वाळूत शिरल्यावर थांबायचं नाही. ती पुढे खांद्यापर्यंत गेली पाहिजे. मैदानावर मी सगळ्यात जास्त पाहिलेला दोष हाच. माणूस वाळूला लागलं की दचकतो आणि हात आवरतो. चेंडू जवळ टाकायचा असेल तर झोका लहान करा, पण सुरू केलेला पुरा करा.

हे सगळं ऐकून आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “म्हणजे घावन उलटायचं.” अगदी तसंच! उलथनं घावनाच्या मधोमध कुणी टोचत नाही. ते काठाच्या अलीकडून तव्याला लावून सरकवतो आणि न थांबता पलीकडे नेतो. काकूंनी काठी हातात घेतली आणि दुसऱ्याच फटक्याला चेंडू बाहेर. काका अजून प्रयत्न करतायत.

सरावाच्या दोन रीती सांगतो. पहिलीला चेंडू लागत नाही. वाळूत काठीनं एक सरळ रेघ मारा आणि रेघेच्या पुढे पाय ठेवत ठेवत वाळू उडवत चला. नंतर खड्डे बघा. प्रत्येक खड्डा रेघेपासून सुरू झाला पाहिजे. मागून सुरू झाला तर वजन उजव्या पायावर राहिलंय. वीसपैकी पंधरा खड्डे रेघेवर आले की मग चेंडू ठेवा. दुसरी रीत नोटेची. दहा रुपयांची नवी नोट १२३ मिलिमीटर लांब असते. तेवढा चौकोन वाळूत आखा आणि चेंडू मधोमध ठेवा. म्हणजे मागे सहा सेंटिमीटर आणि पुढे सहा सेंटिमीटर. आपल्याला चेंडू मारायचा नाही, ती नोट वाळूतून उचलून बाहेर टाकायची आहे. चेंडू नोटेवर बसून आपोआप जातो.

वाळूवाळूतही फरक असतो. पावसानं भिजून घट्ट झालेल्या वाळूत काठीचं पोट उसळी मारतं आणि धार थेट चेंडूच्या कमरेत बसते. म्हणून ओल्या वाळूत तोंड कमी उघडायचं. चेंडू वाळूत अर्धा पुरला असेल तर उलट, तोंड सरळ किंवा थोडं मिटलेलं ठेवायचं आणि वरून उभा घाव घालायचा. इथं मात्र नांगरच हवा. असा चेंडू खाली पडल्यावर लांब पळतो, तेवढी जागा धरून चला. चढावर चेंडू असेल तर खांदे चढाला समांतर ठेवा. तो उंच जातो आणि जवळ पडतो. उतारावर तो खालून जातो आणि पळतो. बंकरची वाळूही निवडून आणतात. कण साधारण पाव ते एक मिलिमीटरचे आणि कंगोऱ्यांचे बरे. नदीकाठच्या गोल गुळगुळीत कणांत चेंडू रुतून बसतो. कृष्णाकाठच्या माणसाला वाळू बांधकामापुरती माहीत. तिचा एवढा विचार कुणी करत असेल असं मलाही तिकडे जाईपर्यंत वाटलं नव्हतं.

नियम थोडक्यात. फटक्याआधी काठी चेंडूच्या मागे-पुढे वाळूला टेकवायची नाही, चाचपायची नाही. टेकवली तर दोन फटक्यांचा दंड. २०१९ पासून पानं, काटक्या, खडे उचलायला परवानगी आहे. निघतच नसेल तर दोन फटक्यांचा दंड घेऊन चेंडू बंकरच्या बाहेर मागे टाकता येतो. जगातले व्यावसायिक खेळाडूसुद्धा वाळूतून बाहेर काढून पुढच्या एकाच फटक्यात भोकात घालतात ते साधारण निम्म्याच वेळा. म्हणून पहिलं ध्येय एकच : एका फटक्यात बाहेर. कुठं पडला ते नंतर बघू.

आणि एक रीत आहे, जी मला सगळ्यात आवडते. बाहेर पडताना दाताळं घ्यायचं आणि आपल्या पावलांचे ठसे, आपला खड्डा सपाट करून निघायचं. मागून येणाऱ्याचा चेंडू आपल्या खड्ड्यात पडू नये म्हणून. साहेब असो की शिपाई.

आता तुम्ही म्हणाल, ही वाळू आहे कुठं? ती आपल्या इमारतीच्या मागे आहे. गेल्या वर्षी गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, त्यातली पाऊण ब्रास वाळू उरली आणि मागच्या मोकळ्या जागेत ढीग पडला. मुलांनी त्याचा डोंगर केला, मग किल्ला केला. मी माझी जुनी काठी खाली आणली, भोकांचे हलके प्लॅस्टिकचे चेंडू आणले आणि संध्याकाळी अर्धा तास शिकवायला लागलो. खरा चेंडू जवळजवळ ४६ ग्रॅमचा आणि दगडासारखा असतो. तो सोसायटीत अजिबात वापरायचा नाही, आणि मारणाऱ्याच्या समोर कुणी उभं राहायचं नाही. हे दोन्ही नियम मुलं मोठ्यांपेक्षा चांगले पाळतात.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मागच्या जागेला पेव्हर ब्लॉक बसवून आठ गाड्यांची सोय करायचा विषय आहे. मी त्याच्या विरोधात नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या आवारात स्कूटर आणि सायकली होत्या; आज काही घरांत दोन-दोन गाड्या आहेत आणि रात्री रस्त्यावर लावाव्या लागतात, ही अडचण खरी आहे. पण दुसरीही एक गोष्ट खरी आहे. आपण राहायला आलो तेव्हा बत्तीस घरांत मुलंच मुलं होती. ती मोठी झाली, पुण्याला, बंगळूरला, परदेशात गेली. आज आवारात खेळणारी मुलं अकरा आहेत, आणि सत्तरीच्या पुढचे आपण एकोणीस जण. ही अकरा आणि एकोणीस माणसं एका ठिकाणी भेटतील अशी दुसरी जागा आपल्याकडे नाही. लिफ्टमध्ये भेटतो, पण लिफ्टमध्ये कोण बोलतंय?

आपल्यातले एक जण, नाव घेत नाही, वहिनी गेल्यापासून आठ महिने दुधाच्या पिशवीपुरतेच दार उघडत होते. एका संध्याकाळी ते गॅलरीतून ओरडले, “अरे, त्याचं वजन मागच्या पायावर जातंय!” त्यांना गोल्फचं काही माहीत नाही. पण त्यांनी कवठे पिरानच्या मारुती मान्यांची कुस्ती डोळ्यांनी पाहिलेली आहे आणि तरुणपणी स्वतः तालमीत माती उकरलेली आहे. पाय कुठं आहे हे त्यांना चौथ्या मजल्यावरून दिसलं. दुसऱ्या दिवशी ते खाली आले. आता रोज येतात. मुलं गेल्यावर दाताळं तेच फिरवतात, आणि हौदात ताक, तेल, हळद, लिंबू घालून माती कशी मळायची ते मुलांना सांगत बसतात. गोल्फ त्यांनी अजून एकदाही खेळलेला नाही.

म्हणून माझी सूचना एवढीच. आठऐवजी सात गाड्या बसवू या आणि बारा फूट बाय बारा फुटांचा कोपरा वाळूला ठेवू या. कडेला विटांची एक ओळ, मांजरांसाठी रात्री वर ताडपत्री, आणि वर्षाला थोडी नवी वाळू. वाळूचा आणि ताडपत्रीचा खर्च माझ्याकडे. सात वाजल्यानंतर चेंडूचा आवाज येणार नाही याची जबाबदारीही माझी. सभेला कोरम नसतो ही आपली पंचवीस वर्षांची परंपरा आहे. या वेळी ती मोडून या. विरोधात मत द्यायचं असलं तरी या.

तोवर संध्याकाळी साडेपाचला मी मागे असतो. चपला काढून या, म्हणजे वाळू कळते. ज्यांचे गुडघे-कंबर दुखतात त्यांनी आधी डॉक्टरांना विचारून या. काठी माझी आहे, दाताळं सोसायटीचं आहे. खेळून झाल्यावर मात्र ज्यानं-त्यानं आपापला खड्डा बुजवायचा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.